परसातले पीक आणि गच्चीवरचे वाळवण

आपल्या स्मरणिकेसाठी मी आजवर जे काही लिहिले, ते बहुतेक लसीकरण, ताप आणि मुलांचे वजन या चाकोरीतले होते. या वर्षी संपादकांनी फोनवर 'काही वेगळे द्या' असे सुचविले, तेव्हा मी गच्चीवर उभा होतो आणि माझ्या हातात कारल्याच्या चकत्यांचे ताट होते. विषय तिथेच ठरला. बालरोगतज्ज्ञाने वाळवणावर लिहावे हे काही सुहृदांना विनोदी वाटेल. परंतु जवळजवळ तीस वर्षांच्या व्यवसायात माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांपैकी सर्वांत अधिक शिकवून गेलेल्या दोन चुकांचा संबंध वाळवणाशीच आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

बऱ्हाणपूर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिले आणि २००३ साली स्वतंत्र जिल्हा झाले. पण स्वयंपाकघरांची सीमा कोणत्याही आयोगाने आखलेली नाही. रावेरच्या घरात जी कळण्याची भाकरी आणि जे वांग्याचे भरीत, तेच आमच्याही घरात. बाहेरगावचे पाहुणे येतात, कुंडी भंडारा आणि शाही किल्ला पाहतात, मावा-जिलेबी खातात आणि उन्हाला नावे ठेवीत परत जातात. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर असतो आणि दुपारची हवा इतकी कोरडी, की दोरीवरचे धोतर अर्ध्या तासात कडक होते. हेच ऊन केळीच्या बागांना होरपळते, आणि हेच ऊन वाळवणाला हवे असते. कोकणात ज्या कामाला आठवडा लागावा, ते आमच्या गच्चीवर दोन दिवसांत उरकते.

घरामागे तीन गुंठेही भरणार नाही एवढा आमचा परस आहे. त्यात केळीची पाच-सहा खोडे, एक शेवगा, एक कागदी लिंबू, कढीपत्ता, कारल्याचा मांडव, उन्हाळ्यात मक्याच्या दोन ओळी आणि ऋतूप्रमाणे वांगी, गवार, मेथी, मिरच्या. आंघोळीचे पाणी केळीच्या आळ्यात जाते. जागा लहान असली तरी पीक येते ते एकदम येते, आणि चार माणसांच्या घराला झेपत नाही. मार्चमध्ये वांगी रोज टोपलीभर उतरतात. काही दिवसांनी शेजारीही आम्हाला पाहून दार लावून घेऊ लागतात. केळीचा घड तर सगळा एकाच आठवड्यात तयार होतो. अशा वेळी वाळवण ही हौस राहत नाही, तो घरखर्चाचा हिशेब होतो.

या हिशेबाची खरी जाणकार माझी आई. ती आज ८४ वर्षांची आहे. तिचे माहेर रावेर तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात तिच्या माहेरी रेशनवर अमेरिकेहून आलेला लाल मिलो मिळत असे. त्या भाकरीबरोबर तोंडी लावायला काय, तर आदल्या वर्षी वाळवून ठेवलेल्या वांग्यांचा रस्सा. 'त्या वर्षी हिरवी भाजी दृष्टीला पडली नाही,' असे ती अजून सांगते. त्यामुळे डब्यात भरलेल्या वाळवणाकडे ती ज्या नजरेने पाहते, त्या नजरेने आपण बँकेच्या पासबुकाकडे पाहतो.

तिच्या पद्धती ठरलेल्या आहेत. कोवळी गवार शिरा काढून, उकळत्या मिठाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवायची, चाळणीवर निथळायची आणि मग धुतलेल्या जुन्या लुगड्यावर एकेक शेंग सुटी पसरायची. मी लहानपणी विचारले होते, वाळवायचीच आहे तर ओली कशाला करायची? 'त्याने हिरवी राहते,' एवढेच उत्तर मिळाले. पुढे शरीरक्रियाशास्त्र शिकताना त्या उत्तराचा अर्थ कळला. भाजी तोडली तरी तिच्यातील विकरे, म्हणजे आपली एन्झाइम्स, काम थांबवीत नाहीत. ती रंग, वास आणि जीवनसत्त्वे यांचा नाश करीतच राहतात. उकळत्या पाण्याने ती निष्क्रिय होतात. हिरवी केळी चिरल्यावर काळी पडतात तीही अशाच एका विकरामुळे. म्हणून आई त्यांचे काप लिंबू पिळलेल्या पाण्यात किंवा पातळ ताकात टाकते. आंबटपणाने विकर मंदावते. तिने हे कुठल्या ग्रंथात वाचलेले नाही.

वाळवण पुरते झाले की नाही, याची तिची कसोटी कानाची आहे. काप कानाजवळ न्यायचा आणि मोडायचा. 'कट्' असा आवाज आला तर झाले. नुसता वाकला, किंवा मोडला पण आवाज आला नाही, तर आणखी एक ऊन. यामागचे शास्त्र असे, की बुरशी आणि जिवाणू यांना वाढण्यासाठी पदार्थातले मोकळे पाणी लागते. ताज्या भाजीत त्याचे माप १ च्या जवळ असते, ते ०.६ च्या खाली गेले की कोणताही सूक्ष्मजीव वाढू शकत नाही. हे माप घेणारे यंत्र आमच्या घरी नाही. कान आहेत.

वाळवलेल्या वांग्याविषयी मात्र थोडे थांबून लिहिलेच पाहिजे. फोडी कोमट पाण्यात वीस मिनिटे भिजवाव्यात आणि हलक्या हाताने पिळाव्यात. तेलात भरपूर लसूण, कांदा आणि हिरवी मिरची परतून त्यावर फोडी टाकाव्यात; मग काळा मसाला, शेंगदाण्याचे भरड कूट आणि आंबोशीचे दोन तुकडे. भिजवलेले पाणी फेकू नये, तेच रस्स्याला वापरावे, कारण विरघळलेली खनिजे त्यात असतात. ताज्या वांग्याला ही चव येत नाही. पाणी गेल्यावर चव घट्ट होते, जवळजवळ मांसल होते, असे माझे शाकाहारी मत आहे. बरोबर कळण्याची भाकरी आणि कच्चा कांदा. बाहेर श्रावणातला पाऊस असावा आणि बाजारात भाजी महाग झालेली असावी.

शेवग्याच्या पानांना आमच्याकडे ऊन दाखवीत नाहीत. ती आतल्या खोलीत, पंख्याखाली, कापडावर वाळतात. पानांतील बीटा-कॅरोटिन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, ते थेट सूर्यप्रकाशात झपाट्याने नष्ट होते. सावलीत बरेच टिकते. क जीवनसत्त्व मात्र कसेही वाळवले तरी बहुतांशी जातेच. लोह, कॅल्शियम, प्रथिने आणि चोथा मागे राहतात. या पानांची चमचाभर पूड वरणात किंवा भाकरीच्या पिठात घातली, तर मुलांना कळतही नाही. लोह अंगी लागावे म्हणून ताटात लिंबाची फोड असावी.

पण इथे एक सावधगिरीची सूचना. समाजमाध्यमांवर शेवग्याच्या पुडीत पालकाच्या पंचवीस पट लोह आणि दुधाच्या सतरा पट कॅल्शियम असते, असे आकडे फिरत असतात. यात वाळलेल्या वस्तूची तुलना ओल्या वस्तूशी केलेली असते, हे कोणी सांगत नाही. पाणी काढून टाकले की वजन घटते आणि शंभर ग्रॅममागचा प्रत्येक आकडा फुगतो. शिवाय मूल शंभर ग्रॅम पूड खात नाही, चमचाभर म्हणजे दोन-तीन ग्रॅम खाते, आणि पालेभाजीतले लोह शोषले जाते तेही थोडे. एक सुशिक्षित आई हे आकडे वाचून आपल्या दीड वर्षाच्या मुलीचे लोहाचे थेंब महिनाभर बंद करून बसली होती. मुलगी पांढरीफटक झाली होती. थेंब पुन्हा सुरू केले. पूडही चालू ठेवायला सांगितली, पण वरणात.

आता पहिली चूक. १९९७ चा पावसाळा होता. जिल्ह्याचे ठिकाण तेव्हा खंडवा होते आणि मी एम.डी. होऊन नुकताच गावी परतलो होतो. नवी पदवी अंगावर कडक इस्त्रीसारखी होती. तापीकाठच्या एका खेड्यातून एक आजीबाई दहा महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या. तीन आठवडे जुलाब, वजन सहा किलोच्याही आत. त्यांच्या पदराच्या गाठीत करड्या रंगाचे पीठ होते.

"हे काय देता तुम्ही त्याला?"

"हिरव्या केळ्याचं पीठ आहे, डॉक्टरसाहेब. परसातलंच. वाळवून दळलंय. याची पेज देते दिवसातून तीनदा."

"केळं अगदी बंद. जुलाबात केळं देतात का? हा डबा लिहून देतो, याचंच दूध द्यायचं."

त्यांनी वाद घातला नाही. पिठाची गाठ पुन्हा बांधली आणि कनवटीला खोवली. दुग्धशर्करारहित पावडरीचा तो डबा त्यांच्या मुलाच्या जवळजवळ आठवड्याच्या मजुरीएवढा होता. मूल बरे झाले, पण रडतखडत, आणखी तीन आठवड्यांनी. त्यासाठी डबा दुसऱ्यांदा घ्यावा लागला. तो घेण्यासाठी त्यांनी काय विकले किंवा गहाण टाकले, हे मी विचारले नाही.

२००१ साली ढाक्याच्या आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्रातील रब्बानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. माझ्या वाचनात तो दोन वर्षांनी आला. चौदा दिवसांहून अधिक जुलाब असलेल्या, वर्षाच्या आतल्या मुलांना त्यांनी तांदळाच्या आहारात शिजवलेले हिरवे केळे मिसळून दिले होते. तिसऱ्या दिवशी त्या गटातील निम्म्याहून अधिक मुलांचे जुलाब थांबले होते. नुसत्या तांदळाच्या आहारावर ठेवलेल्या मुलांत हे प्रमाण त्याच्या जवळपासही नव्हते. कारण असे, की हिरव्या केळ्यातील पिष्टाचा बराच भाग लहान आतड्यात पचत नाही. तो मोठ्या आतड्यात पोहोचतो, तिथले जिवाणू त्याचे विघटन करून लघुशृंखल मेदाम्ले तयार करतात, आणि ती मेदाम्ले क्षार व पाणी शोषून घेण्यास आतड्याला मदत करतात. याउलट पिकलेल्या केळ्यात ह्या पिष्टाची साखर झालेली असते. आजीबाईंच्या गाठीत हिरव्याचे पीठ होते, आणि मी हिरवे की पिकलेले हा प्रश्नही मनात न आणता ते बंद केले होते.

लेख वाचला त्या संध्याकाळी मी जुने केसपेपर काढले. गावाचे नाव मिळाले. कंपाउंडरला पाठवले, तेव्हा कळले की ते कुटुंब मजुरीसाठी सुरतेकडे गेले.

त्या वर्षापासून आमच्या घरी केळ्याचे पीठ होऊ लागले. घड पूर्ण भरलेला पण हिरवा असतानाच उतरवायचा. साल काढून, पातळ काप करून, ते लिंबाच्या पाण्यातून काढायचे आणि मलमलीच्या कापडाखाली दोन कडक उन्हे द्यायची. दहा किलो हिरव्या केळ्यांचे आमच्या काट्यावर दीड-पावणेदोन किलो पीठ भरते; उरलेले साल आणि पाणी. ह्या पिठाची थालीपिठे उपवासाला चालतात, त्यामुळे घरात त्याला मागणीही आहे. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळासाठी दोन लहान चमचे पीठ वाटीभर थंड पाण्यात कालवून, सतत ढवळत पूर्ण शिजवावे आणि वरून थोडे तूप सोडावे. वर्षाच्या आत मीठ-साखर नको. केरळात वाळवलेल्या कच्च्या केळ्यांचे पीठ तान्ह्या बाळांना पहिले अन्न म्हणून पिढ्यान्‌पिढ्या देत आले आहेत. आपला जिल्हा 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत केळ्यासाठी निवडला गेला आहे, रोज ट्रक भरभरून केळी उत्तरेकडे जातात, आणि आपल्या बाह्यरुग्ण विभागातील माता बाळासाठी बिस्किटे पाण्यात कालवतात, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

तरीही ज्यांना घरच्या उपायांची घाई असते, त्यांच्यासाठी सांगतो. जुलाबात पहिला मान क्षारसंजीवनीचा आणि आईच्या दुधाचा. २००४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी शिफारस केल्यापासून जस्ताची गोळीही त्यात आली. १९९७ मध्ये ती आपल्या हाती नव्हती. शौचात रक्त असेल, मूल मलूल असेल किंवा लघवी होत नसेल, तर पिठाचा डबा बंद ठेवून रुग्णालय गाठावे.

पिकलेल्या केळ्यांच्या वाळवणाची आमची कथा मात्र हास्यास्पद आहे. माझा एक वर्गमित्र वसईचा. तो दरवर्षी सुकेळी पाठवतो. वसई-आगाशीकडे पिकलेली राजेळी केळी सोलून, कित्येक दिवस उन्हात सुकवून, केळीच्याच वाळक्या पानात बांधतात. मधासारखी गोड आणि चिवट. आमच्याकडे केळ्यांची काय वाण, असे म्हणून मी एका वर्षी बऱ्हाणपुरी केळ्यांची सुकेळी करायला घेतली. आपल्या बागांतली जात मऊ, पाणीदार आणि पातळ अंगाची; राजेळीचा घट्टपणा तिच्यात नाही. दुसऱ्या दिवशी गच्चीवर काळा चिकट लगदा आणि मुंग्यांची जत्रा होती. आईने नुसते पाहिले. सौभाग्यवतींनी फोटो काढून वसईला पाठवला.

दुसरी चूक याहून गंभीर होती. २०१४ च्या मे महिन्यात आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती, म्हणून त्या वर्षीचे वाळवण मी अंगावर घेतले. मक्याचे दाणे, मिरच्या, गवार आणि केळ्याचे काप. वाळले चांगले होते. आवाजही आला होता. दुपारी चार वाजता दवाखान्याची घाई होती. मी सगळे उन्हातून उचलले, तसेच गरम प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरले, तोंडे घट्ट बांधली आणि कोठीत ठेवून निघून गेलो. जुलैमध्ये कोठी उघडली तेव्हा कुबट वास आला. मक्यावर हिरवट-पिवळी बुरशी होती; बाकीच्या पिशव्यांतही कमी-अधिक.

आई म्हणाली, "पाखडून घे, दोन उन्हं दे आणि दळून आण."

मी नाही म्हटले.

"मग शेजारच्या गाईला तरी घाल. अन्न असं टाकायचं नसतं."

त्यालाही मी नाही म्हटले आणि परसात खड्डा करून सहा-सात किलो वाळवण पुरले. १९७२ पाहिलेल्या बाईच्या डोळ्यांदेखत. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी तिच्याजवळ बसून मी तिला १९७४ ची हकीकत सांगितली. आपल्या झाबुआच्या पलीकडे, राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांच्या आदिवासी खेड्यांत त्या वर्षाच्या अखेरीस काविळीची साथ आली. कावीळ, पोटात पाणी, आणि शंभराहून अधिक मृत्यू. घरातले कुत्रेही त्याच आजाराने मेले. साथ विषाणूची नव्हती. अवेळी पावसात मका भिजला होता आणि तसाच ओलसर साठवला गेला होता. त्यावरच्या बुरशीने अफलाटॉक्सिन हे विष तयार केले होते, आणि ते थेट यकृतावर घाव घालते. हे विष शिजवून जात नाही, पुन्हा ऊन देऊन जात नाही, बुरशी पुसली तरी दाण्याच्या आत राहते. गाईने खाल्ले तर तिच्या दुधात उतरते, आणि ते दूध कोणाच्या तरी बाळाच्या वाटीत जाते.

"त्या लोकांना वास आला नसेल?" तिने विचारले.

"आला असेल. दुसरं खायला काही नव्हतं."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुझी चूक भरताना झाली. ऊन तर चांगलं होतं."

निदान अचूक होते. गरम वाळवण बंद पिशवीत घातले की आतल्या वाफेचे रात्रीच्या गारव्यात पाणी होते. आमच्या घरच्या भाषेत, त्याला घाम सुटतो. दोन दिवसांच्या उन्हाने कमावलेले एका संध्याकाळी जाते. तेव्हापासून वाळवण रात्रभर घरात कापडाखाली निवते, सकाळी कोरड्या बरणीत किंवा झाकणाच्या डब्यात जाते, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा प्रत्येक झाकण उघडून वास घेतला जातो. किंचितही कुबट वाटले तर खड्डा. आता आई स्वतः सांगते, "पूर."

रक्तदाब असलेल्या माझ्या व्यवसायबंधूंसाठी एवढेच, की काचऱ्या, सांडगे आणि पापड यांत मीठ व पापडखार दडलेले असतात, आणि पंगतीत आपण कोण किती उचलतो ते मी पाहत असतो. तळलेले कडक तुकडे आणि शेंगदाणे चार-पाच वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नयेत. श्वासनलिकेत अडकलेला दाणा काढायला इथून लांब पाठवावे लागते.

यंदा केळीचा घड एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात उतरला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईला खुर्चीवर बसवून गच्चीच्या दारापर्यंत आणले. तिने एक काप उचलला, नेहमीप्रमाणे कानाजवळ नेला आणि मोडला. मग दुसरा मोडला. थोडा वेळ थांबून तिसरा काप तिने माझ्या हातात दिला.

"मला नाही ऐकू आलं. तू ऐक."

मी मोडला. आवाज आला होता, तसे मी तिला सांगितले.

"मग आत घे," ती म्हणाली, "आणि उद्या सकाळी भर."